बिनआवाजाची सोयरीक

डोणगावात मला भाड्याने खोली देण्याआधी घरमालकांनी माझी रीतसर परीक्षा घेतली होती. पगार विचारला नाही, लग्न झालं का तेही विचारलं नाही. समोर उकळता चहा ठेवला आणि माझ्याकडे बघत बसले. मला मेहकरची बस गाठायची होती, पण नव्या ठिकाणी अवघडल्यासारखं झालेलं. मी चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि सावकाश प्यायलो. बशी खाली ठेवली तसे ते आतल्या दाराकडे तोंड करून म्हणाले, "तापट नाही वाटत. चालते आपल्याले."

आतून बाईचा आवाज आला, "पाय वाजवत आला. वर राहीन तं मले समजन तरी, कवा आला अन् कवा गेला. ठेवा त्याले."

हे आमचे मामा आणि मामी. सारं गाव त्यांना याच नावाने हाक मारायचं, म्हणून मीही. मी मुळात चांगलाच तापट आहे. मामांचा माझ्याबद्दलचा अंदाज साफ चुकला होता आणि ते त्यांना महिन्याभरात कळलंही. पण एकदा जुळवलेलं मोडायचं नाही हा त्यांचा बाणा. मी मेहकरच्या कॉलेजात संगणक शिकवत होतो, तेवढी सगळी वर्षं त्यांच्याच माडीवर राहिलो.

मामा एसटीत कंडक्टर होते. नोकरी तिकिटं फाडायची, पण खरा धंदा सोयरिकी जुळवायचा, आणि तोही फुकट. त्यांची पद्धत जगावेगळी होती. मुलगी पाहायला तिच्या घरी जायचंच नाही, मुलाच्याही नाही. "घरी सारेच गोड असतात, सर. माणूस पाहाव तं गर्दीच्या बसमदी, उभ्यानं जातानी." कोण म्हातारीला जागा देतं, कोण खिडकीवरून भांडतं, घाटात गाडी बंद पडली की कोण शिव्या देतं आणि कोण उतरून सावलीत बसतं, हे सगळं त्यांच्या डोक्यात साठलेलं असायचं. मग एखाद्या दिवशी तिकीट देता देता ते एखाद्या बापाच्या कानाशी लागत, "तुमच्या पोरीसाठी एक पोरगा हाये बघा. मागच्या सीटवर हाये. आता पाहू नका." जातीधर्माचं त्यांना वावडं नव्हतं, म्हणजे ज्याचं त्याच्यात जुळवत, पण जुळवत सगळ्यांचं. आपण जुळवलेली एकही सोयरीक मोडली नाही हे ते पानाच्या ठेल्यापासून तहसील कचेरीपर्यंत सगळीकडे सांगत. आणि सोयरीक पक्की झाली की नवरदेवाच्या खांद्यावर पहिला शेला मामांच्या हातचा, असा त्या भागात रिवाजच पडून गेला होता.

निवृत्त झाल्यावर त्यांनी भंगारातून बसची एक घंटा मिळवली. ती ओसरीच्या वाशाला टांगली आणि तिची दोरी थेट आपल्या आरामखुर्चीपर्यंत आणली. डबल बेल म्हणजे सुरू, सिंगल बेल म्हणजे बंद. चहा टाकायचा तर डबल बेल. बैठक लांबली तर सिंगल बेल, मग समोर सरपंच का बसलेले असेनात. एकदा मी कॉलेजातल्या राजकारणावर तावातावाने बोलत होतो. ऐन रंगात आलो असताना डोक्यावर टिंग करून एक टोला पडला आणि मामा शांतपणे म्हणाले, "उतरा सर, तुमचा स्टॉप आला." असला संताप झाला होता माझा!

मामी सिनेमावेड्या. मामांची नोकरी होती तेव्हा त्यांच्याच गाडीने त्या मेहकरला जात, टॉकीजमध्ये सिनेमा बघत आणि परतीच्या फेरीने घरी येत. दुसऱ्या दिवशी ओट्यावर बायांना तो सिनेमा सांगत. ज्यांनी तो पाहिलेला असायचा त्याही ऐकायला येत, कारण मामींचा सिनेमा जास्त चांगला असायचा. पुढे काचबिंदूने त्यांची नजर नेली. मी राहायला गेलो तेव्हा त्यांना फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. कीव केलेली त्यांना खपत नसे. तूर निवडताना बोटांनी खडा अचूक उचलत आणि माझ्या दिशेने भिरकावत, "घ्या सर, तुमच्या कॉलेजाले पाया भरा."

दिसत नसलं तरी सिनेमा सुटला नव्हता. मामांनी जत्रेत, शेगावच्या फुटपाथवर, बंद पडलेल्या दुकानांतून सिनेमांच्या सीड्या जमवल्या होत्या. पत्र्याची एक अख्खी पेटी भरून होत्या त्या. मी एकदा म्हटलं, आता इंटरनेटवर सगळं मिळतं, टीव्हीच्या मागे एक कांडी लावली की झालं. मामा म्हणाले, "आपल्या गावात नेट पाव्हण्यावानी येते. आलं तं आलं, नाई तं नाई. सिनेमा अर्ध्यात सोडून गेलं तं बायकोले सांगू काय?" म्हणून पुतण्याने टाकून दिलेला एक जुना संगणक त्यांनी टीव्हीला जोडला होता. तो सुरू झाला की ओसरीत पिठाची गिरणी लावल्यासारखं वाटायचं.

मामी काही दिवस त्यापुढे बसल्या. एका दुपारी मध्येच उठल्या. मामांनी विचारलं, "काऊन उठली? ऐकू येत नाही काय?"

"येते ना. बोलणं तं साऱ्याइलेच ऐकू येते," मामी म्हणाल्या. "मले चूप राह्यलेलं ऐकू येत नाही. बाई रडून राह्यली का हासून राह्यली, गडी गेला का दारात उभा हाये, हे तं चूप बसल्यावरच समजते. तुमची हे मशीन तेवढ्यात घरघर करते. मले सिनेमा पुरे झाला आता."

आणि भिंतीला हात लावत त्या आत निघून गेल्या. मामांनी संगणक बंद केला, पण त्या दिवशी सिंगल बेल वाजवली नाही. मी जिन्यात उभा होतो. इतकं वाईट वाटलं की जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा टोपी घालून माझ्या दारात हजर. "सर, तयार व्हा. एक स्थळ पाहायचं हाये."

मी तेव्हा बिनलग्नाचा. खरं सांगतो, मी नवा शर्ट घातला, केसांना तेल लावलं आणि बसमध्ये त्यांच्या शेजारी गंभीर चेहऱ्याने बसलो. खामगाव मागे पडल्यावर मामा म्हणाले, "मामीसाठी नवी मशीन जुळवाची हाये. सिनेमा पुरा वाजवन, पण सोता तोंडातून आवाज काढणार नाही, असी. तुमी जोडून द्यान. पण निवड माही." माझ्या नव्या शर्टाकडे बघून ते पुढे म्हणाले, "तुमचं बी पाहू मागून."

शेगावला स्टेशनच्या रस्त्यावर लॉजांच्या रांगेत सलीमभाईंचं संगणकाच्या सुट्या भागांचं दुकान होतं. त्यांच्या बहिणीचा रिश्ता मामांनीच चिखलीच्या गाडीत जुळवलेला, त्यामुळे मामांना तिथे जावयासारखा मान. सलीमभाईंनी दुकानातली सगळ्यात देखणी चीज काढली. काचेचा डबा, आत लाल-निळे दिवे पळतायत, तीन तीन पंखे गरगरतायत.

मामांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली. "सलीम, हा नवरदेव हाये का वरात?"

"मामा, येच्यावर पोट्टे गेम खेळतात. एकदम तगडा माल है."

"खाते किती?"

सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "वीज किती लागते ते विचारतायत." त्यांनी आकडा सांगितला. मामांनी कपाळावर हात मारला. "एवढं खाऊन करन काय? अन् तापला तं?"

"तापला तो फॅन जोर से फिरवते ना."

"म्हंजे बोंबलते. नोको. गरीब स्वभावाचा दाखव. कमी खानारा, अंगाले लावून न घेनारा."

तासाभरात मामांनी दुकानाची बैठक करून टाकली. कमी विजेचा एक प्रोसेसर पसंत पडला. चित्रासाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड घेऊ, असं मी सुचवलं, तर मला उडवून लावलं. "चित्र पाहणार कोन? मी. मले चष्म्यातून सारं सारखंच दिसते. ऐकणारी ते हाये. या प्रोसेसरमदी चित्रापुरती अक्कल हाये ना? मंग झालं. वेगळा गडी ठेवून त्याचा बी घोर कायले?" मदरबोर्ड त्यांनी पालथा करून पाहिला. हा प्रोसेसर याच खाचेत बसतो, दुसऱ्या बोर्डावर बसणार नाही, असं मी समजावलं तेव्हा ते खूश झाले. "आपल्यात एक गोत्र चालत नाही अन् यायच्यात एकच लागते! उलटी जमात हाये." मेमरीच्या दोन पट्ट्या त्यांनी जोडीने घेतल्या, कारण एकटं कोणाला ठेवायचं नाही. ज्यात काहीच फिरत नाही अशी एसएसडी घेतली. पण सीड्यांवरचे मामींचे सगळे सिनेमे उतरवून ठेवायचे तर ते तिच्यात मावणार नव्हते. त्यासाठी मोठी हार्ड डिस्क लागणार होती. मामांनी ती चालू करून कानाला लावली. ती कुरकुरत होती.

"हे घोरते," मामा म्हणाले. "हे वर सरच्या खोलीत राहीन. वायर खिडकीतून खाली टाकू."

"आणि मी?" मी चिडून म्हटलं.

"तुमी बी घोरता. दोघाइले एकामेकाची सोबत."

मग पंख्याची गोष्ट निघाली. मामांनी बिनपंख्याचं सगळं मागितलं. प्रोसेसरवर उष्णता शोषून घ्यायला नुसत्या ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा ठोकळा, वीजपुरवठ्याच्या डब्यालाही पंखा नाही, आणि हे सगळं टिफिनपेक्षा थोड्या मोठ्या डब्यात. मी एकदा म्हटलं की आपला उन्हाळा कसला असतो ते बघा. मामा म्हणाले, "गरीब स्वभावाचा हाये, सहन करन." सलीमभाईंनी सामान पसंत नसलं तर परत आणायच्या बोलीवर दिलं. दुकानात सगळेच गप्प असतात, खरं काय ते घरी नांदताना कळतं, हे त्यांनाही पटलेलं.

मी मशीन जोडली, माडीवरून वायर सोडली आणि कॉलेजला गेलो. संध्याकाळी परत आलो. मामा खुर्चीत मान खाली घालून. मामी शेंगा फोडत. टीव्ही काळा.

"सर," मामा म्हणाले, "माही पह्यली सोयरीक मोडली."

मध्यंतराच्या आधीच मशीन आपोआप बंद पडली होती. पुन्हा लावली, पुन्हा बंद. मी टीव्हीच्या बाजूला पाहिलं आणि मला तो नवरदेव दिसला. कपाळावर हळदीकुंकू, पुढ्यात नारळ, आणि डोक्यापासून पायापर्यंत जरीकाठी जाडजूड शेला पांघरलेला.

"अहो, जीव घेतलात त्याचा!" मी ओरडलो. शेला ओढून काढला. डबा तव्यासारखा तापलेला. बिनपंख्याच्या मशीनला मामांनी भर वैशाखात शेला पांघरून बसवलं होतं, पक्क्या झालेल्या सोयरिकीचा रिवाज म्हणून! मामींना मी काय झालं ते सांगितलं तशा त्या हसायला लागल्या. शेंगांचं सूप कलंडलं तरी हसतच होत्या. "आजवर केवढे नवरदेव घामेजले असतील यायच्या शेल्यात! ह्यानं बिचाऱ्यानं जीवच सोडला!"

मामा हसले नाहीत. शेला काढून सिनेमा पुन्हा लावला. पत्र्याखालच्या त्या उकाड्यात डबा उघडा असूनही तापतच गेला आणि आवाज अडखळायला लागला. आता दोनच वाटा होत्या. तापून मरू द्यायचं, नाहीतर पंखा लावून घरघर ऐकायची. मी तसं स्पष्ट सांगून टाकलं.

तेव्हा मामी म्हणाल्या, "लावा पंखा. होईन मले सवय. एवढं काय त्याच्यात."

मामींना सवय होणार नव्हती. मामांचा हिरमोड नको म्हणून त्या बोलत होत्या, आणि ते मामांना माझ्याआधी कळलं. पुढचे काही दिवस घरात घंटा वाजली नाही. चहासुद्धा बिनबेलचा होत होता.

मग एकदा मेहकरहून येताना आम्ही दोघं बसमध्ये चाकावरच्या सीटवर बसलो होतो. मागून प्रवाशांनी भरलेली एक काळीपिवळी जीप किंचाळत आली आणि आम्हाला मागे टाकून पुढे गेली. आमचा ड्रायव्हर आपल्याच नादात. डोणगावच्या फाट्यावर तीच काळीपिवळी बॉनेट उघडून वाफा सोडत उभी होती. मामांनी माझा दंड इतक्या जोरात धरला की मी कळवळलो.

"सर! लहान चाक बोंबलते. मोठं चाक सावकाश फिरते अन् पोचते बी. पंख्याचं बी असंच असन का नाही?"

"असतं की. मोठा पंखा हळू फिरवला तर आवाज जवळजवळ होत नाही. पण आपल्या या डब्यात तो मावणार कसा?"

"मंग डबा बदला! पाव्हणा मावत नाही म्हनून सोयरीक मोडतात का घर वाढवतात?"

आम्ही पुन्हा शेगावला. "मामा, ये तो घोडे का तबेला है," असं म्हणत सलीमभाईंनी दुकानातला सर्वांत थोराड डबा खाली उतरवला. प्रोसेसरवरचा ठोकळाही मोठा घेतला. ताटाएवढे पंखे त्यांनी निरनिराळे बांधून दिले, आवडेल तो ठेवा म्हणून. या वेळी निवड मामींनी केली. अंगणात त्या पाटावर बसल्या, मी एकेक पंखा हळू वेगावर लावून त्यांच्या कानाशी धरला. "हा खोकते. काढा. हा घोरते, घरात हायेत तेवढे घोरणारे पुरे." एकाला त्यांनी बराच वेळ कान दिला. "हा नुसता श्वास घेऊन राह्यला. पण दात वाजवते मदूनच."

दात म्हणजे डब्याच्या पत्र्याला लागणारी थरथर. मामा उठले, आगारातल्या जुन्या मित्राकडून बसच्या फाटक्या ट्यूबचा तुकडा घेऊन आले आणि कात्रीने त्याच्या चकत्या कापून प्रत्येक स्क्रूखाली बसवल्या. डब्याच्या पायांखालीही तेच रबर. मग दोन स्पीकर. मामी आपल्या जागी बसल्या आणि मामा ते स्पीकर टीचभर इकडे, टीचभर तिकडे सरकवत राहिले, माणूस समोरून बोलतोय असं मामी म्हणेपर्यंत. शेला मी माझ्या पेटीत कुलपात ठेवला होता.

रविवारी दुपारी ओसरी माणसांनी भरली. मामांनी अख्ख्या गावाला आवतण दिलं होतं. नाही जमलं तर हा माणूस गावापुढे तोंडघशी पडणार, आणि मामी पुन्हा "होईन सवय" म्हणणार. बायका सतरंजीवर, गडी पायरीवर, शेजारची कांता नर्स तान्ह्या नातवाला थोपटत. मामांनी घरातले सगळे पंखे बंद केले. मी बटण दाबलं. टीव्हीवर सिनेमांची यादी आली. सगळे मामींकडे बघत होते.

मामी बसून होत्या. थोडा वेळ गेला. मग त्यांनी आवाजाच्या अंदाजाने मामांकडे मान वळवली.

"काऊन थांबले? लावा ना मशीन."

मामांचं तोंड उघडं राहिलेलं. त्यांनी मामींचा हात धरला, तीन पावलं नेलं आणि त्यांचा तळवा डब्यावर ठेवला.

डबा कोमट होता. त्याच्या पाठीमागून येणारी वाऱ्याची बारीक झुळूक मामींच्या बोटांना लागली. त्यांनी हात उताणा केला, पुन्हा पालथा केला.

"चालू हाये?"

"कवाचीच!" मामा एकदम ओरडले. "मघापासून चालू हाये!"

ओसरीत असा गलका उठला की कांताबाईंचा नातू दचकून रडायला लागला. मीही काहीतरी ओरडलो, काय ते आठवत नाही. आनंदाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि मला ते पुसायचंही नव्हतं. मामी हसत आपल्या जागेवर परतल्या, पदर सारखा करून ऐटीत बसल्या आणि म्हणाल्या, "मंग वाट कायची पाहता? बेल द्या."

मामांनी डबल बेल दिली. अशी दिली की वाशावरची धूळ खाली आली.

मामींनीच निवडलेला जुना सिनेमा होता. मध्यावर एक प्रसंग आला. नायक भांडून निघतो, नायिका पाठमोरी उभी, पडद्यावर नुसता तिचा चेहरा, बोलणं काहीच नाही. आम्हा डोळसांना वाटलं तो गेला. मामी हळूच म्हणाल्या, "गेला नाही तो. उंबऱ्यातच हाये." आणि कॅमेरा वळला, तर खरंच तो दारात उभा. सतरंजीवरच्या बायांनी एकमेकींचे हात दाबले. मामा टीव्हीकडे बघतच नव्हते. ते सगळा वेळ मामींच्या चेहऱ्याकडे बघत होते. मामींची भुवई वर गेली की यांचीही जायची.

आता माझी बदली संग्रामपूरला झाली आहे. माझ्या टेबलावरचा संगणक दिवसभर घरघर करतो, आणि मी त्याच्याकडे पाहून मनातल्या मनात म्हणतो, तुला मामांनी बसमध्येच नापास केलं असतं. त्यांनी पुढे माझंही जुळवलं. मुलगी खरंच मागच्या सीटवर बसलेली होती. माझ्या लग्नात मामांनी मला जो शेला पांघरला त्यात मी घामाने निथळत होतो आणि पहिल्या रांगेत बसलेल्या मामी ते न बघताच ओळखून हसत होत्या.

पण मामा आठवले की मला तो रविवारच आठवतो. सिनेमा संपला. नावांच्या पाट्या सरकल्या, संगीत विरलं, टीव्हीवर पुन्हा यादी आली. कुणी हललं नाही. सवयीप्रमाणे मामांचा हात वर गेला, सिंगल बेलसाठी. अजून दोरी ओढलीही नव्हती. त्यांची बोटं तिच्यावर नुसती टेकली होती.

"सोडा ते दोरी," मामी म्हणाल्या. "ऐकू येऊन राह्यलं मले. दुसरा लावा."